ज्या पाण्यातलं, त्या पाण्यात

वर्षाराणीनं साप धरायच्या हुकानं घाणेरीची फांदी बाजूला सारली आणि घोणस फूत्कारायला लागली. कुकरची शिट्टी अडकून बसावी तशी, एकसारखी. टेकाडाखाली उभा असलेला सम्मेद झटकन मागं सरला, पण मोबाईलवरचं शूटिंग त्यानं काही थांबवलं नाही.

"ताई, जपून हां!"

"तू गप उभा ऱ्हा. पाय आपटू नको."

घोणस म्हणजे नाग नव्हे. नाग निदान फणा काढून सांगतो तरी, की बाबा मी हाय हितं. ही बया वाळक्या पाचटात पडली की पाचटच होऊन जाते, आणि कुणाचा पाय पडला की मगच कळतं. वर्षाराणीनं पाइपचं तोंड हळूच तिच्यापुढं धरलं. पाइपच्या दुसऱ्या टोकाला कापडी पिशवी बांधलेली होती. वर्षाराणीचा कुरुंदवाडात ब्लाऊज शिवायचा धंदा, त्यामुळं उरल्यासुरल्या अस्तराच्या असल्या पिशव्या ती स्वतःच शिवायची. अंधार दिसल्यावर घोणस आपण होऊन आत शिरली. पिशवीचं तोंड आवळून वर्षाराणीनं ती उचलली आणि तिचा चेहरा बदलला.

"गाभणी हाय रं ही. चांगली भरलीय."

"म्हंजे आणि पिल्लं?" सम्मेदनं कपाळाला हात लावला. "बघा, वेळेवर बोलावलं का न्हाय? दुपारी जेसीबी येतोय. त्याच्या आत जेवढी हायत तेवढी गोळा करा. आईनं बजावलंय, एक बी जीव मरायला नको."

टेकाड तसं लहानच होतं. ओढ्याच्या काठाला बोरी-बाभळी, निवडुंग आणि घाणेरी माजलेला उंचवटा, चारी बाजूंनी ऊसच ऊस. महापुरात कृष्णेचं पाणी शिवारभर पसरतं तेव्हा तेवढीच जागा कोरडी राहते, आणि आजूबाजूचं सगळं साप-किरडू तिथं चढून बसतं. सम्मेदला ते सपाट करून ऊस लावायचा होता. त्याचंही काही चुकत होतं असं नाही. दोन वर्षांमागं तिथंच गवत कापताना त्यांच्याकडं कामाला असलेल्या चिमणाबाईच्या पायाला घोणस चावली होती. बाई मरता मरता वाचली, पण पाय वाळल्यासारखा झाला तो झालाच. आताही ती लांब बांधावर उभी राहून पिशवीकडं बघत होती. जवळ आली नाही.

चहा घ्या आणि मग पुढचं बघा, असं म्हणून सम्मेद वर्षाराणीला मळ्यातल्या घराकडं घेऊन आला. पिशवी झाकणाच्या बादलीत ठेवलेली होती, ती तिनं अंगणात सावलीला ठेवली. सम्मेदची आई, राजमतीआक्का, विहिरीजवळ पाणी गाळत होत्या. घरात नळ आहे, फिल्टर आहे, पण आक्कांना प्यायला विहिरीचंच पाणी लागतं, तेही स्वतः गाळलेलं.

"धरलीस? लई पुण्य लागंल बघ तुला," आक्का म्हणाल्या. "कुठं सोडतीस मग?"

"घाटाकडं. जंगलात."

"बरं झालं. जंगलात सुखानं राहील."

वर्षाराणीनं बशीत चहा ओतला आणि फुंकर मारत बसली. जंगलात म्हटलं की लोक खूश व्हायचे. साप घरातनं गेला आणि हत्याही लागली नाही. तो सुखानं राहत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. उसातला साप घाटात नेऊन टाकला की त्याला बीळ सापडत नाही, उंदीर सापडत नाही, तो वेड्यासारखा हिंडत राहतो आणि एक दिवस डांबरी रस्त्यावर चेचला जातो. नियमसुद्धा सांगतो की धरला तिथंच जवळपास सोडा. पण जवळ सोडते म्हटलं की माणसं म्हणायची, मग तुला बोलावलं कशाला? पुढच्या वेळी फोन यायचा नाही. फोनऐवजी काठी निघायची. म्हणून ती 'जंगलात' म्हणायची आणि चहा प्यायची. त्या चहाची चव तिला अलीकडं लागेनाशी झाली होती.

तेवढ्यात आक्का केवढ्यांदा तरी ओरडल्या.

"सोनल! अगं काय केलंस हे?"

सून सोनल हौदाशी रिकामा तांब्या घेऊन उभी होती. "दूध उतू चाललं हुतं आत्ती, म्हणून घाईत..."

"म्हणून जिवाणी हौदात ओतलीस?"

गाळून झाल्यावर फडक्यात जे बारीक, डोळ्यांनाही न दिसणारे जीव राहतात, ते गाळलेल्या पाण्यानं तांब्यात उतरवायचे आणि दोर सोडून अलगद परत विहिरीत पोचवायचे, ही ह्या जैन घरातली रोजची रीत. वरून फेकायचंसुद्धा नाही, पाण्याला टेकवून उलटायचं. ह्याला जिवाणी म्हणतात.

"हौदात बी पाणीच हाय की," सोनल पुटपुटली.

"पाणी हाय, पण त्यांचं न्हवं! ज्या पाण्यातलं त्या पाण्यात जायला पायजे. दुसऱ्या पाण्यात जगत न्हाईत ते. एवढी वर्षं सांगतोय मी, कुणाच्या डोक्यात शिरंल तर शपथ."

वर्षाराणीनं बशी खाली ठेवली. नको बोलूया, असं तिनं स्वतःला एकदा बजावलं. मग बोललीच.

"आक्का, ही बी जगायची न्हाय."

"कोण?"

वर्षाराणीनं बादलीकडं बोट केलं. "जंगल हिचं न्हवं. हिचं ते टेकाड हाय. मी तिला न्हेतो म्हंजे जरा लांब न्हेऊन मारतो, एवढंच. तुमच्या डोळ्यांआड."

आक्कांचं ओलं फडकं हातातच राहिलं आणि त्यातलं पाणी त्यांच्या लुगड्यावर ठिबकत होतं. बादलीत घोणस पुन्हा फूत्कारली. आक्कांनी आयुष्यभर ज्याला पुण्य म्हटलं, त्याचा हिशेब असा भर अंगणात उलटला, आणि तोही त्यांच्याच बोलण्यानं. त्यांचे डोळे भरून आले.

"आतापर्यंत किती न्हेलीस गं आमच्या रानातली?"

"नका विचारू आक्का."

आक्कांनी फडकं पिळलं, झटकून दोरीवर टाकलं. "सम्मेद, जेसीबीवाल्याला फोन लाव. येऊ नको म्हणावं."

"आई!" सम्मेद उठून उभाच राहिला. "येड लागलंय काय? चिमणाबाईचा पाय बघितलास न्हवं? उद्या आणि कुणाला चावली तर? तुझं काय, तू बसतीस हितं पाणी गाळत!"

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं, पण शब्द काही मागं घेतला नाही.

"फोन लाव," आक्का पुन्हा म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "टेकाड हाय तसं राहील. माणसानं जरा सांभाळून वागावं."

फोन लागला. सगळी टेकाडाकडं परत आली. आक्काही आल्या, कित्येक महिन्यांनी एवढं चालत. वर्षाराणीनं घाणेरीच्या मुळाशी पिशवीची गाठ सोडली आणि हुकानं तळ उचलून धरला. घोणस बाहेर आली. थोडा वेळ तशीच पडून राहिली, जीभ काढून हवा चाखत. मग जड अंगानं पाचटात सरकत गेली आणि बघता बघता दिसेनाशी झाली.

आक्कांनी हात जोडले. उन्हानं लाल झालेल्या त्यांच्या चेहऱ्यावर मोठं समाधान होतं. "झालं बाई मनासारखं," त्या म्हणाल्या. वर्षाराणीलाही छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. किती दिवसांनी तिनं खरं सांगितलं होतं, आणि ऐकणारं माणूस काठी शोधायला गेलं नव्हतं.

चिमणाबाई बांधावरून खाली उतरली. कमरेचा विळा काढून तिनं हातात घेतला, पदर खोचला आणि लंगडत टेकाडाच्या गवतात शिरली. पायात रबरी चप्पल होती, टाचेला झिजलेली.

"चिमणे!" आक्का ओरडल्या. "तिकडं कुठं?"

चिमणाबाई वळली. तिला प्रश्नच कळला नसावा.

"म्हशीला वैरण नको व्हय? सकाळधरनं हितंच अडकून पडलोय."

"अगं, पण आताच तिथं सोडलीय न्हवं तिला!"

"बघितलं की."

"मग भ्या न्हाय वाटत तुला?"

"वाटतंय की," चिमणाबाई म्हणाली. "रोज वाटतंय."

तिच्या बोलण्यात रागबिग काही नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं वर्षाराणीला वाटलं. चिमणाबाईनं विळ्यानं पुढचं गवत जरा हलवून बघितलं आणि वाकून पहिली मूठ कापली. मघापासून चाललेल्या एवढ्या बोलण्यात तिला कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं. आक्कांचे जोडलेले हात कधी खाली आले ते त्यांना कळलंही नाही.

सम्मेद बांधावर बसला. त्यानं पायातला गमबूट ओढून काढला, मग दुसरा. दोन्ही उलटे करून आतली माती झाडली आणि अनवाणीच गवतात उतरून ते चिमणाबाईपुढं ठेवले.

"मोठं हुतील तुला," तो म्हणाला. तिच्याकडं बघायचं त्यानं टाळलं.

चिमणाबाईनं बुटांकडं बघितलं, मग त्याच्या उघड्या पायांकडं.

"हूं देत मोठं," ती म्हणाली. "तुमी आदी भाईर व्हा गवतातनं."