यंत्रदेवाचा प्रसाद

इतवारीतल्या ताराचंद शेटच्या डाळगिरणीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. आज यंत्रदेव पापी कोण ते सांगणार होता! विलायतेत बनलेलं यंत्र आम्ही नागपुरात आणलं, चालवलं आणि पहिल्याच दसऱ्याला त्याचा देव करून टाकला. सांगायची लाज वाटते, पण झालं ते असंच.

दसऱ्याला दातेरी चाकांना कुंकू लावायचं म्हणून त्यांच्यावरचं लोखंडी झाकण काढलं होतं. देवाचं तोंड पुन्हा झाकू नका, असं शेटनं पूजेला बोलावलेल्या चक्रीबाबा नावाच्या बुवांनी बजावलं आणि चाकं उघडीच राहिली. दिवाळीच्या आत तूर ओतताना रंभाबाईचा उजवा हात त्यांत सापडला. बोटं गेली.

कामावर हात गेला तर मालकानं भरपाई द्यायची, असा कायदा सरकारनं केव्हाच केला होता. पण बाईनं चारचौघांत आपलं पाप कबूल केलं, तर ती कुठल्या तोंडानं भरपाई मागणार? शेटनं एवढा थाट मांडला तो त्यासाठी. रंभाबाई हात पदराखाली लपवून, खाली मान घालून आली. सोबत तिच्या लेकीला शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या अरुंधतीबाई होत्या.

"चक्का घूमे, पाप घूमे, पापी के चरण चूमे!" बाबा गरजले. देव पाप्याचे पाय कशाला धरेल, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांच्या तोंडात प्रसादाचं खोबरं होतं.

"बोल बाई, विटाळशी असून देवाले हात लावला ना?"

"लागला असंन महाराज," रंभाबाई रडत म्हणाली. "माह्यंच चुकलं असंन."

बाबांनी तिच्या नावानं लिंबू कापलं. लालभडक रस गळू लागला.

"रक्त!" तिच्याच शेजारी बसून डाळ निवडणारी सत्यवती किंचाळली. "तुह्यापायी आमच्यावर कोप होईन वं, रंभे! काहून आली होती कामावर?"

अरुंधतीबाई पुढे झाल्या. "महाराज, त्याच सुरीनं एक लिंबू शेटजींच्या नावानं कापू या."

"शेटजी पुण्यवान आदमी!"

"मग भीती कसली?" बाईंनी सुरी उचलली आणि दुसरं लिंबू कापलंसुद्धा. तेही लाल!

"अहो बाई, माझं नाव कशाला घेता?" शेट खुर्चीतून उठले.

बाईंनी पांढऱ्या पदराचं टोक पाण्यात भिजवलं आणि पात्याचा मुठीजवळचा, रस न लागलेला भाग त्यानं पुसला. जांभळट डाग पडला. त्यावर घरून आणलेलं लिंबू पिळलं, तसा डाग लाल झाला.

"पात्यावर जास्वंदीच्या पाकळ्या चोळून वाळवल्या आहेत. आंबट रस लागला की त्या लाल होतात. घरी करून बघा, बाबा लागत नाही." मग त्या शेटकडे वळल्या. "आणि चाकांवरचं झाकण कुठे आहे?"

शेट छताकडे बघू लागले. तेव्हा रंभाबाईनं पदराखालचा हात पहिल्यांदा बाहेर काढला. बोटं नसलेला, पट्टी बांधलेला तो हात तिनं प्रसादाच्या परातीकडे केला.

"थे काय झाकण," ती म्हणाली. "उलटं करून त्याच्यातच तर खोबरं वाटून राहिले."

सगळ्यांनी वाकून पाहिलं. कडेला स्क्रूची भोकं होती. घास ना गिळवे, ना थुंकवे. रोज त्या चाकांशेजारी काम करणाऱ्यांनीसुद्धा ते झाकण ओळखलं नव्हतं, की ओळखूनही हात पुढे केला होता, देव जाणे! सत्यवतीनं तोंडावर पदर घेतला. "माफ कर वं, रंभे," एवढंच तिला बोलता आलं.

रंभाबाईनं डोळे पुसले. "शेटजी, माह्या हाताची भरपाई मी मागीन, कचेरीत जाऊन मागीन. पण पहिले थे झाकण बसवा. उद्या सत्यवती तिथं उभी राहीन."

यंत्राला कुंकू लावायचं तर खुशाल लावा. पण त्याला विटाळ कळत नाही, पाप कळत नाही, बोटही कळत नाही. कळतं ते आपल्याला. म्हणून माणसाला दोष देण्याआधी झाकण कुठे आहे ते विचारा.

त्या दिवशी बायकांनी खोबरं जमिनीवर ओतलं आणि झाकण उचलून स्वतः चाकांवर ठेवलं. रंभाबाईनं ते डाव्या हातानं धरलं होतं.