कूस बदलली तरी कळत नाही

आमचं गाद्यांचं दुकान. नवरा गिऱ्हाइकाला गादीवर आडवं करतो, स्वतः शेजारी पडतो, या कुशीवरून त्या कुशीवर होतो आणि विचारतो, "कळलं काही? नाही ना! एकाने कूस बदलली तरी दुसऱ्याला पत्ता लागत नाही." या एका वाक्यावर आमचं घर चालतं. मी गल्ल्यावर बसून ऐकते आणि मनात म्हणते, कळतं हो, सगळं कळतं. तीच गादी आमच्या घरात आहे, आणि हा बाबा वर्षभर भिंतीकडे तोंड करून झोपतोय.

आधी वाटलं, दमला असेल. मग मी नवे कपडे शिवले, केस कापून पाहिले. "छान दिसतेस," म्हणाला आणि पाठ फिरवली. खोटं कशाला बोलू, रडले मी. वाटलं, आपण नकोशा झालो, नाहीतर बाहेर कुणीतरी आहे. विचारावं तर धीर होईना. खरंच 'हो' म्हणाला तर काय करायचं?

अशात याची टाच दुखायला लागली. दर गुरुवारी दुपारी दुकान माझ्या गळ्यात टाकून स्वारी दवाखान्यात. "मशीनने लहरींचे धक्के देतात टाचेला," म्हणाला. लंगडायचाही बिचारा. फक्त दुकानात डाव्या पायाने आणि घरी उजव्याने. जन्म गेला माझा गाद्यांवर लोळणारी माणसं बघण्यात. कोण कुठल्या अंगावर भार देतो ते मला लगेच दिसतं. म्हटलं, झालं! टाचबिच काही नाही, गुरुवारवाली कुणीतरी आहे.

पण याचं नशीबच फुटकं. घरात टाच खरी दुखत होती ती सासूबाईंची.

"तुला गुण येतोय ना? मग मलाही ने," त्यांनी हट्टच धरला.

"आई, तिथे फार गर्दी असते गं."

"असू दे. बसेन मी."

"धक्के सोसायचे नाहीत तुला."

"तुला जन्म दिलाय मी. धक्क्यांचं मला सांगू नकोस."

मी लगेच दुकानाला कुलूप घातलं. म्हटलं, "चला, मीही येते." नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला.

दवाखाना चपलांच्या दुकानाच्या वर होता. बाहेर पाटी: 'टाच, खांदा, कोपर आणि पुरुषांच्या तक्रारी. लहरींनी हमखास इलाज.' आत भिंतीवर उधळलेल्या घोड्यांचं चित्र, आणि शेजारी पलंगावर हसत बसलेलं एक जोडपं. गादी अगदीच हलक्या स्पंजची. तिच्यावर कुणी इतकं हसणं शक्य नाही. बाकावर पाच-सहा पुरुष होते, सगळे एकजात आपापल्या बुटांकडे बघत.

काउंटरवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "आजींना उजवीकडच्या खोलीत न्या. काका, तुमची नेहमीची, डावीकडची."

डावीकडच्या दारावर लिहिलं होतं, 'फक्त पुरुषांसाठी'.

नवरा घोड्यांकडे बघायला लागला. माझ्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला: गुरुवार, भिंत, लंगडणं, सगळं. आणि काय सांगू, मला आधी आनंदच झाला! बाई नव्हती. मी नकोशी झाले नव्हते. त्याच्या मागोमाग असा राग आला की तिथेच त्याचं बखोट धरावं. मेल्या, वर्षभर मला जाळलंस आणि तोंडातून एक शब्द काढला नाहीस?

पण सासूबाई बघत होत्या. मी म्हटलं, "यांची डावी टाच दुखते ना आई, म्हणून डावीकडची खोली."

"अस्सं," म्हणाल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळाने आतून मशीनची टकटक आणि त्यांच्या शिव्या एका तालात ऐकू यायला लागल्या.

डॉक्टर बाहेर आला तसा मी त्याला गाठलाच. "यांना गुण येईल का हो?"

"काहींना येतो, काहींना नाही," तो म्हणाला. "अजून अभ्यास चालू आहे."

"मग पाटीवर हमखास कसं?"

"ते पाटी रंगवणाऱ्याने घातलं."

"बरं, साखर वाढली तरी असं होतं म्हणे. यांची रक्तातली साखर, रक्तदाब, काही तपासलंत?"

डॉक्टरने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने डॉक्टरकडे. कुणालाच आठवेना. म्हणजे रोग राहिला बाजूलाच आणि धक्के मात्र वेळच्या वेळी! मी म्हटलं, "उठा हो. आजचे धक्के आता मी देते."

जिना उतरताना सासूबाई मध्येच थांबल्या. टाच चोळत मुलाला म्हणाल्या, "म्हातारी झालेय, आंधळी नाही. तुझ्या वडिलांचंही असंच झालं होतं. पण ते मला सांगून मोकळे झाले. पाठ नाही फिरवली कधी." आणि कठड्याला धरून खाली निघून गेल्या.

आम्ही दोघं जिन्यातच उभे. तो म्हणाला, "तू हसशील असं वाटलं."

"हसले असते. मग जवळ घेतलं असतं. हसायचंही राहिलं आणि तेही राहिलं."

तो रडायलाच लागला. जिन्यातून वर जाणारा एक गृहस्थ आम्हाला बघून लंगडायला लागला.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर साखर कधीची वाढलेली. गोळ्या सुरू झाल्या, चालणं सुरू झालं. चमत्कार वगैरे काही झाला नाही. सासूबाईंची टाच मात्र सुधारली, आणि त्या ते सगळ्यांना सांगत सुटल्यात.

परवा दुकानात एक नवं जोडपं आलं. मुलगा आडवा झाला, मुलगी आडवी झाली. तिने विचारलं, "काका, याने कूस बदलली तर मला कळणार नाही ना?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "कळेल, बाई. आणि कळलेलंच बरं असतं."

गादी काही खपली नाही. मी त्याला एका शब्दाने बोलले नाही.