पत्त्याची दुसरी ओळ

माझ्या मुलाचा, शार्दूलचा कान दुखत होता म्हणून त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नव्या स्क्रीनकडे बघत अँटिबायोटिक लिहिलं.

"डॉक्टर, हे नको. गेल्या वर्षी यानेच त्याच्या अंगभर गांधी उठल्या होत्या. मी सांगितलं होतं."

"इथे तर काहीच दिसत नाही."

काउंटरवरून कमळाताई म्हणाल्या, "दिसेल कसं? जुन्या सॉफ्टवेअरात ॲलर्जी लिहायला जागाच नव्हती गो. मी पत्त्याच्या दुसऱ्या ओळीत लिहायचे, डॉक्टर तिथे बघायचे. त्या नव्या मेल्यांनी सगळं पुसलंनी. एकदा विचारलं असतं तर जीभ झडली असती काय?"

त्या नव्या मेल्यांत मीही होते. पुण्याच्या कंपनीचं काम मी घरून करते. दवाखान्याचं जुनं सॉफ्टवेअर भागाभागांत सुटं करून क्लाउडवर नेलं, त्यात पत्त्यांचा भाग माझ्याकडे होता. दुसऱ्या ओळीत गावाचं नाव नसेल तर ती कचरा समजून काढून टाकायची, हा नियम मीच लिहिला. घरापासून दवाखाना दहा मिनिटांवर, पण विचारायला आले नाही.

बाहेर येऊन मॅनेजरला फोन लावला.

"जुना सर्व्हर गेल्या महिन्यात पुसला, मॅडम. क्लायंटची सही आहे. आता उकरू नका."

बाकावर सात-आठ जणी मुलं घेऊन बसल्या होत्या. पहिलीला विचारलं, "बाळाला कुठलं औषध चालत नाही का हो?"

"आहे एक. नाव नाही आठवत," ती हसली. "पण यांच्या कंप्युटरात आहे ना लिहिलेलं."