अंगणावरचं जाळं

मी मासे पकडायचं जाळं बोलतोय. हसू नका. ‘मासे धरायचं जाळं कोंबड्यांच्या डोक्यावर काय करतंय?’ असं पूर्वी येणारा-जाणारा विचारायचा. आता विचारायलाही कुणी येत नाही, म्हणून आपणहून सांगतो.

मला मिनतीदींच्या बाबांनी हिरव्या नायलॉनच्या दोऱ्यानं विणलं. गंगेत ते मला असे फेकायचे की पाण्यावर पडताना मी पुरता गोल उघडायचो. ते गेले आणि मी मिनतीदींच्या कोलकात्यातल्या गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, मागच्या व्हरांड्यात, खुंटीला लटकलो. अकरा वर्षं कुणी हात लावला नाही.

मग शेजारच्या क्वार्टरमध्ये नागपूरहून बदली होऊन श्रीकांतराव आले. ते सकाळी ऑफिसला जायचे ते दिवे लागल्यावर परतायचे. लेक श्रुती पुण्याला शिकायला. राहिल्या त्यांच्या पत्नी, प्रेमलता. त्यांना बांगला येत नव्हतं, हिंदीही बेताचंच. त्यांनी एक कोंबडा नि चार कोंबड्या पाळल्या आणि त्यांच्याशी मराठीत बोलू लागल्या. भाजी कुठली करायची हेसुद्धा कोंबड्यांना विचारायच्या! माझं मराठी त्यांचं ऐकून ऐकूनच झालंय, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

एकदा तुरेवाली कोंबडी खुडूक बसली. सात पिल्लं निघाली. प्रेमलताबाईंनी फोन करून साऱ्या नागपूरला ती बातमी दिली.

आठवडाभरानं भर दुपारी वरून घार आली आणि एक पिल्लू उचलून घेऊन गेली. बाई जिवाच्या आकांतानं ओरडल्या, “घार! घार!”

बांगलात घाड़ म्हणजे मान. मिनतीदी हातातलं काम टाकून बामची बाटली घेऊन धावल्या. “की होलो बौदी? घाड़े ब्यथा?” असं म्हणत त्यांनी बाईंची मान धरली आणि चोळायलाच लागल्या. बाई “अहो, सोडा! सोडा हो!” म्हणून हात झटकतायत, मिनतीदींना वाटतंय फारच दुखतंय. तेवढ्यात घार पुन्हा आली आणि दुसरं पिल्लू गेलं.

शेवटी बाईंनी दोन्ही हात पसरून अंगणात एक झडप घालून दाखवली. मिनतीदींच्या हातातली बाटली पडली. “ओ मा! चील!” मग त्या पायरीवर बसून बाईंपेक्षा जास्त रडल्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला खुंटीवरून काढलं. दोघींनी माझ्या कडेची शिशाची वजनं कापून टाकली आणि पेरूच्या झाडापासून भिंतीपर्यंत मला ताणून बांधलं. कुठली दोरी कुठं बांधायची यावर दोघी आपापल्या भाषेत भांडल्या, आणि मग चहा प्यायल्या.

तीन वर्षं मी आभाळ अडवलं. घार वर घिरट्या घालायची, कोंबड्या माझ्याखाली खुशाल माती उकरायच्या. उरलेली पाचही पिल्लं मोठी झाली. जन्मलो होतो जीव घ्यायला आणि आता राखत होतो. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं.

गेल्या वर्षी मिनतीदींचे यजमान निवृत्त झाले, आणि त्याच महिन्यात श्रीकांतरावांच्या बदलीचा कागद आला. कोंबड्या टोपल्यांत बसून मिनतीदींबरोबर बर्धमानला गेल्या. “यांच्याशी बोलत जा हं, गप्प राहिलं की त्यांना करमत नाही,” प्रेमलताबाई मराठीतच म्हणाल्या. मिनतीदींनी मान हलवली. कळलं असावं. मला सोडवायला बाई स्टूल घेऊन आल्या होत्या, पण श्रीकांतराव म्हणाले, “राहू दे, येणाऱ्यांना उपयोगी पडेल.”

येणारं कुणी आलं नाही. दोन्ही दारांना कुलूप आहे. पेरूची पानं माझ्यावर साचून कुजली, एक दोरी सुटली, मी मधून लोंबलो. एकटेपणाचं मला नवल नाही, खुंटीवर अकरा वर्षं काढलीत. पण खुंटीवर असताना माझ्यापायी कुणाला इजा तरी होत नव्हती.

काल सकाळी एक घार पानांतल्या उंदरावर झेपावली आणि तिचा पाय माझ्यात अडकला. कोवळी आहे, उडायला नुकतीच शिकली असावी. ती ओढ घेते तसा मी आवळतो. आवळू नये असं फार वाटतं, पण मला दुसरं काही येतच नाही. तिची आई काल दिवसभर वर फिरत होती. आज ती दिसली नाही.

तुम्ही या बाजूनं जात असाल तर आत या. मागचं फाटक नुसतं ढकललं की उघडतं. येताना कात्री आणा, आणि तिच्या डोळ्यांवर टाकायला एखादा टॉवेल. मला जपून सोडवत बसू नका, सरळ कापा. खाली आता राखायला कुणी नाही.

ती अजून धडपडतेय. लवकर या.