कॅरमबोर्डाची काळी पाठ

मित्रांनो, मी एक जुना कॅरमबोर्ड आहे. जोगेश्वरीच्या एका चाळीत, दशरथच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून उभा असतो. कारण माझ्या पाठीला काळा रंग फासलेला आहे. पाठीला डोळे फुटायला मला फार दिवस लागले नाहीत.

ब्याऐंशीच्या संपाआधी माझे दिवस झकास होते. पाळीवरून सुटलेले गिरणीकामगार माझ्यावर पावडर टाकत आणि राणी घेतली की संस्थानिकासारखी मिशी पिळत. मग गिरण्या बंद पडल्या. खेळायला वेळच वेळ झाला आणि खेळावंसं कुणालाच वाटेना. अंधेरीच्या एका हॉटेलात दरवान हवेत, पण इंग्रजी यायला हवं, अशी बातमी आली. शेजारच्या कॉलेजकन्येने, अनुपमाने, वर्ग काढला आणि मी फळा झालो. मला कुणी विचारलं नाही.

एका संध्याकाळी तिने माझ्यावर ‘से’ आणि ‘टेल’ लिहिलं.

"काका, ‘से’ म्हणजे नुसतं म्हणायचं. ‘टेल’ करायला समोर माणूस लागतो. करा बघू वाक्य."

"आय टेल माय वाइफ," दशरथ म्हणाला आणि थांबला.

"काय सांगता काकूंना? पुरं करा ना."

"गिरणीने माझं नाव पटावरून काढलं," तो मराठीतच पुटपुटला. "तिला अजून सांगितलं नाही."

त्याची बायको सुगंधा चहा घेऊन दारातच उभी होती. संप मिटेल या आशेवर ती त्याचा डबा रोज घासून ठेवत असे.

"माका आधी सांगूक काय झाला तुमका?" ती म्हणाली. "ह्या पोरीक आधी कळला."

अनुपमाला चहा मिळाला. दशरथचा कप परत गेला.

दुसऱ्या दिवशी सुगंधा स्वतः वर्गात बसली, नवऱ्याकडे पाठ करून.

"बाय, नुसता कानावर पडता तेका काय म्हणतत? आणि मन लावून ऐकतत तेका?"

अनुपमाने ‘हिअर’ आणि ‘लिसन’ लिहिलं.

"मग ह्यांच्यासाठी माका पयला पुरे."



दशरथला ती नोकरी मिळाली नाही. मुलाखत हिंदीत झाली. घरी येताच मात्र तो चपला न काढता मोरीपाशी गेला आणि त्याने सुगंधाला सगळं सांगितलं. तिने मान वळवली नाही. पण भांडी घासण्याचा आवाज थांबला.

मित्रांनो, मला ओल लागू देऊ नका. कधीतरी पावडर टाका. आणि घरच्या माणसाला काही सांगायचं असेल, तर फळ्यावर वाक्य येईपर्यंत थांबू नका.