शेजारच्या मजल्याची नोटीस
"कोण आहे?"

"कचेरीतून आलोय. नोटीस आहे."

"अहो, तुम्ही? किल्ली हरवली की काय?"

"किल्ली आहे खिशात. पण नोटीस मालकाच्या हातात द्यायची असते."

आत वॉकरची टकटक सुरू झाली. मांडीचं हाड मोडल्यापासून खिडकीपासून दारापर्यंत यायला बायकोला पाच मिनिटं लागत. ती पाच मिनिटं काका स्वतःच्याच दाराबाहेर ओशाळून उभे राहिले.

सगळं गाव त्यांना नोटीसकाका म्हणे. कुणाला मजला चढवायचा असो की दुकान काढायचं असो, परवानगीआधी शेजारच्या मालकांना कळवून त्यांची सही आणायची, हे काम एकतीस वर्षं त्यांच्याकडे होतं. उंबरठा ओलांडायचा नाही आणि सल्ला द्यायचा नाही, हा त्यांचा स्वतःचा नेम. "हरकत घेऊ का हो?" म्हणून लोक काकुळतीला येत. काकांचं उत्तर ठरलेलं असे, "पंधरा दिवस आहेत. ठरवा." लोक त्यांना पाठीमागे दगड म्हणत, ते काकांना ठाऊक होतं.

आज सकाळी गठ्ठ्यात शेजारच्याच घराची नोटीस निघाली. वरचा मजला, त्यांच्या पूर्वेच्या खिडकीला लागून. काकांचं घर बायकोच्या नावावर, म्हणून सही तिचीच लागणार. "दुसऱ्या कुणाला पाठवू का?" साहेबांनी विचारलं होतं. "नको, माझ्याच वाटेवर आहे," काका म्हणाले होते.

दार उघडलं. बायकोने भिंतीला टेकून कागद वाचला.

"म्हणजे माझं ऊन जाणार."

"जाणार."

दोन वर्षं ती सकाळभर त्या एका खिडकीतल्या उन्हात बसत होती. तेवढंच तिचं बाहेरचं जग होतं.

"मी हरकत घेतली तर?"

"सुनावणी होईल. मजला अडेल."

"तुम्हाला काय वाटतं?"

काकांनी तोंड उघडलं ते नेहमीचं वाक्य म्हणायलाच. पण निघालं भलतंच. "घे हरकत. आत्ता घे. मी लिहून देतो."

बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. मग हसली. "तुम्ही कचेरीत गेलात की मला आंघोळ कोण घालतं, माहीत आहे?"

"तुझी तूच करतेस ना?"

"कशी करणार? शेजारची सून येते रोज, तान्ह्याला आपल्या पलंगावर निजवून. एका खोलीत पाच माणसं राहतात हो ती. कुठे जायचं त्यांनी?"

"मला कधी बोलली नाहीस."

"बोलले असते तर नोकरी सोडून घरी बसला असता. ओळखत नाही का मी तुम्हाला? आणा ते पेन."

तिने सावकाश लिहिलं, 'मिळाली. हरकत नाही.' खाली सही केली. काकांनी वेळ टाकली, अकरा वाजून दहा मिनिटं, आणि तिला धरून पुन्हा खुर्चीपर्यंत नेलं.

कचेरीत परतल्यावर त्यांनी रजेचा अर्ज मागितला. एकतीस वर्षांत त्यांची रजा साठून डोंगर झाला होता. उद्यापासून रोज सकाळची अर्धी रजा, असं त्यांनी भरलं. कारणाच्या रकान्यापाशी मात्र पेन बराच वेळ अडलं. शेवटी त्यांनी लिहिलं, 'घरी ऊन येतंय तोवर.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि सही केली.