दुबईच्या शाखेचा मॅनेजर

आमच्या कारखान्याची दुबईत शाखा निघणार होती आणि तिचा मॅनेजर मी होणार होतो. मी म्हणजे सहादेव, पुणतांब्याच्या झुंबरबाईचा एकुलता एक मुलगा, केडगावात भाड्याच्या खोलीत राहणारा आणि नागापूरच्या एमआयडीसीत पत्रव्यवहार बघणारा कारकून. ऐकणाऱ्याला हसू यायचं. मलाही आलं असतं, पण त्र्याहत्तर सालच्या मार्चात हसण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं.

आम्ही विहिरीवरचे पंप बनवायचो. दुष्काळाचं ते सलग तिसरं वर्ष. विहिरींच्या तळाला भेगा पडलेल्या, तिथं पंप लावून कोण काय उपसणार? आप्पासाहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, तिसांतल्या अठरा जणांना आधीच घरी बसवलं होतं. उरलेले आम्ही बारा जण रोज सकाळी फाटक उघडं दिसेपर्यंत जीव मुठीत धरून चालायचो.

आखातात मात्र आमचे पंप खपत होते. मलई मुंबईचा दलाल खायचा. मग आप्पासाहेबांना कुणीतरी सांगितलं की दुबईत प्राप्तिकरच नाही. तिथं आपलंच ऑफिस टाकायचं, माल इथून पाठवायचा, नफ्याला तिथं कात्री लागत नाही, त्यातून कारखाना पुन्हा उभा करायचा. "हितं कमवावं तं सरकार आदी ताटावर बसतं अन् मंग आपल्याला वाढतं," असं ते म्हणायचे. एक खोली, एक टेबल, एक माणूस. माणूस मी, कारण इंग्रजीत पत्र लिहिणारा दुसरा कुणी कारखान्यात नव्हता.

परवानगीसाठी सात महिने कागद फिरले. शेवटी ती आली ती अटी घेऊनच: एकतीस मार्चच्या आत ऑफिस सुरू झालं पाहिजे, आणि मॅनेजर म्हणून माझंच नाव. नाव बदलायचं तर पहिल्यापासून अर्ज. राहिला होता तो फक्त माझा पासपोर्ट. लेथ चालवणारा कादर टर्नर मला 'मॅनेजरसाहेब' म्हणायला लागला होता. तो थट्टेनं म्हणत नव्हता, आणि तेच मला जड जायचं. त्याच्या घरात सात तोंडं होती.

बारा मार्चला पत्र आलं. पासपोर्ट देता येत नाही, कारण स्थानिक पोलिसांच्या अहवालानुसार अर्जदार मयत आहे. मयताच्या नावानं अर्ज कुणी केला, याचा खुलासा करावा.

मी मोठ्यानं हसलो. आप्पासाहेब हसले नाहीत. पत्र दोनदा वाचून त्यांनी ते माझ्याकडं सरकवलं. "सहादेव, काय वाट्टंल ते कर, पन हे निस्तर. न्हाई तर एक तारखेला मला फाटक बंद करावं लागंल." त्यांचा आवाज चढला नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी गावाकडं, आमच्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यात उभा राहिलो. फौजदार सभ्य माणूस होता. त्यानं फाईल काढली आणि हवालदाराचा अहवाल वाचून दाखवला: सदर इसम दोन सालांपूर्वी विहिरीत पडून मयत. माहिती देणार, इसमाची आई झुंबरबाई. खाली तिचा अंगठा आणि पोलीस पाटलाची सही.

"आईचा अंगठा?" मी विचारलं. माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना.

"मग तुम्ही कोण?" त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मी कारखान्याचं ओळखपत्र दाखवलं, पत्रं दाखवली. तो थोडा निवळला. "हे बघा, आईला घेऊन या. तिनं माझ्यासमोर तुम्हाला ओळखलं आणि अंगठा दिला, की उभ्या उभ्या दुरुस्ती लिहून देतो. ती घेऊन तुम्ही रात्रीच्या गाडीनं मुंबईला पासपोर्ट ऑफिसात जा. खोटं सांगितलं म्हणून म्हातारीवर केस करणार नाही. शब्द देतो."

पुणतांब्याला घरी पोचलो तर आईनं मला आत ओढलं आणि आधी दाराला कडी घातली.

"तुला कुनी बघितलं का येताना?"

"आई, तू पोलिसांना काय सांगितलंस?"

तिचा चेहरा खुलला. खरंच सांगतो, मॅट्रिक पास झालो तेव्हासुद्धा ती इतकी खुलली नव्हती. "हवालदार आल्ता. सहादेव कुटं ऱ्हातो, काय करतो, गावात कवा येतो, समदं इचारत हुता. म्या वळखलं. म्हनलं, कसला सहादेव? माझं लेकरू गेलं हिरीत पडून. लंकाबाईनं तं शेजारून येऊन असा हंबरडा फोडला, का हवालदारानं टोपी काढली बघ. पाटलानं बी मान डोलावली. समद्या गावानं सांभाळून घेतलं तुला." मग तिनं देवाच्या कोनाड्याकडं बघून हात जोडले. "तवापून शनवार धरलाय म्या. तसलं बोलले ना तुला. जीभ जळाली माझी."

चूक माझीच होती. दिवाळीत ती म्हणाली होती, एवढ्या लांब दुकान कशाला टाकायचं? मी शहाणपणा करून सांगितलं होतं, तिथं सरकारला काही द्यावं लागत नाही. माझ्या आईला सरकारला द्यायचं म्हणजे लेव्ही ठाऊक, सरकार सक्तीनं घ्यायचं ते धान्य. लेव्हीच्या सालात तिच्या भावानं, गहिनीनाथमामानं, ज्वारीची दोन पोती कडब्याखाली दडवली होती. तेव्हाही हवालदार नुसतं नाव-गाव विचारायला आला होता, आणि मामा रानात आहे असं त्याला आईनंच सांगितलं होतं, हात करून वाटही दाखवली होती. मामा दहा महिन्यांनी तुरुंगातून परत आला. पुढं मरेपर्यंत त्यानं कुणाकडं मान वर करून पाहिलं नाही.

मी आईवर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या अंगावर ओरडलो. मग समजावलं. मग पाय धरले. सांगितलं की हे चोरीचं काम नाही, सरकारनंच परवानगी दिली आहे, हवालदार पासपोर्टसाठी आला होता, आणि तू बोलली नाहीस तर बारा घरांच्या चुली विझतील. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे तुला तेंनी म्हनायला लावलं का?"

"तुझ्या गळ्याची शप्पथ, नाही."

सकाळी ती ठेवणीतलं लुगडं नेसली आणि माझ्या आधी दाराबाहेर उभी राहिली. मला वाटलं, जिंकलो. वाटेत एसटीत मी तिला खिडकीजवळ बसवलं. मुंबईच्या गाडीची वेळ मनात घोकत होतो.

फौजदारानं तिला खुर्ची दिली. ती खाली बसली. त्यानं चहा मागवला, तो तिनं घेतला नाही, पण तिची नजर निवळलेली दिसत होती. तो चांगला वागत होता हो. आता त्याला कोणत्या तोंडानं दोष देऊ?

"काय आजी, मुलगा लई मोठा साहेब व्हायला निघाला की! दुबईला कशाला म्हणे?"

"कंपनीची शाखा उघडायची आहे," मी घाईनं म्हणालो. "तिथून व्यापार सोपा पडतो. कर नाही ना तिथं."

"असं होय!" फौजदार खदखदून हसला आणि हवालदाराकडं वळून म्हणाला, "म्हणजे इथला टॅक्स चुकवायला चाललेत साहेब! घाला रे बेड्या!"

हवालदारही हसला. मीसुद्धा हसलो. तिघांपैकी एकानंही आईकडं पाहिलं नाही.

"बरं, थट्टा पुरे," फौजदार म्हणाला. "आजी, हा तुमचाच मुलगा ना? सहादेव?"

ती उठून माझ्यासमोर आली. माझ्या कपाळाकडं, कानांकडं, हनुवटीकडं तिनं नीट पाहिलं. डोळ्यांकडं मात्र पाहिलं नाही.

"न्हाई साहेब. ह्याला म्या वळखत न्हाई. माझं लेकरू हिरीत पडून गेलं."

"आई!" मी तिचा हात धरला. तिनं तो झटकला.

"कोन रे तू? मेलेल्याचं नाव लावून फिरतो?"

त्यानंतर मी काय काय बोललो ते आठवत नाही. ती एकदाही वळली नाही. पदर तोंडाला लावून ती पायऱ्या उतरून गेली, आणि फौजदार खुर्चीत सरळ होऊन बसला. "आता तुम्ही कोण, हे मला बघावं लागेल," तो म्हणाला. आवाजातला सभ्यपणा तसाच होता, पण हसू गेलं होतं. आप्पासाहेबांचा फोन लागून त्यांनी माझी हमी घ्यायला चार तास गेले. सोडताना फौजदार म्हणाला, "तुम्ही खरे असालही. पण आईनं माझ्यासमोर नाही म्हटलं, त्यावर मी दुरुस्ती कशी लिहू?"

आई एसटी स्टँडच्या भिंतीआड उन्हात उभी होती. चार तास ती हलली नव्हती. मला पाहताच तिनं आधी माझी दोन्ही मनगटं उलटीपालटी करून पाहिली.

"मारलं का रे?"

"नाही."

"सोडलं ना? सोडलं माझ्या वाघाला!" तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. मला तिचा इतका संताप आला की तिथंच जमिनीवर डोकं आपटावंसं वाटलं.

"आई, संपलं सगळं. आता कारखाना बंद होणार. मी, कादर, सगळी माणसं घरी बसणार. कळतंय का तुला?"

तिला कळलं होतं. तिनं पदरानं माझे डोळे पुसले आणि एखाद्या लहान पोराची समजूत काढावी तसं म्हणाली, "बसू दे रं. घरी तं असतील."

पुणतांब्याची गाडी लागली होती, आणि आई माझं बोट घट्ट धरून गाडीकडं निघाली होती.